कुकरची शिट्टी मिळते, मग इंडक्शनचं बटण का नाही?

दुरुस्तीच्या दुकानात इंडक्शनची शेगडी येते ती बहुधा कापडी पिशवीतून, वायर गुंडाळलेली, काचेवर उतू गेलेल्या दुधाचा पिवळट ओघळ सुकलेला. आणणाऱ्याची तक्रारही ठरलेली: "काका, लाइट लागतो, आकडे दिसतात, पण बटणच घेत नाही." दुकानदार शेगडी उलटी करतो, हलवून आत काही खुळखुळतंय का ते ऐकतो आणि म्हणतो, "ठेवून जा ताई. नुसता स्विच गेला असेल तर संध्याकाळी न्या. कार्ड गेलं असेल तर मात्र काही सांगता येत नाही. कंपनीचं मिळत नाही, आणि मिळालंच तर त्यात थोडे पैसे घालून नवीनच येईल."

हा संवाद पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास ऐकू येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ऐकू येतो, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडामागच्या 'टीव्ही, मिक्सर, पंखा दुरुस्ती' अशा पाटीखालीही ऐकू येतो. ऐकणाऱ्यालाही आता त्यात काही वावगं वाटत नाही. दोन-तीन हजारांची शेगडी. आतली तांब्याची कॉइल धडधाकट, पंखा फिरतोय, सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद होणारा आयजीबीटी नावाचा मुख्य खटका शाबूत, काचेवर चरासुद्धा नाही. बोटाचं म्हणणं आतपर्यंत पोचवणारं टोक तेवढं गेलंय. तेवढ्यासाठी अख्खी शेगडी माळ्यावर चढते आणि पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर उतरते.

कुकरची शिट्टी हरवली म्हणून कुणी कुकर फेकत नाही. भांड्यांच्या दुकानात खिळ्याला गॅस्केटांची माळच टांगलेली असते. कंपनी सांगा, लिटर सांगा, दुकानदार हात वर करून नेमकी काढून देतो. सेफ्टी व्हॉल्व्ह, दांड्याचा स्क्रू, मिक्सरचा कपलर, कार्बन ब्रश, गॅसच्या शेगडीचा बर्नर, सगळं सुटं मिळतं. त्यामुळेच लग्नात मिळालेला कुकर मुलाच्या लग्नापर्यंत टिकतो. इंडक्शनच्या बटणाला हाच न्याय मिळायला हवा. तो देणं कंपन्यांना अवघडही नाही, हे काचेखाली एकदा डोकावलं की कळतं.

'टच' म्हणून विकल्या जाणाऱ्या शेगड्यांत मुळात दोन जाती आहेत. स्वस्तातल्या बऱ्याच शेगड्यांचा टच नावापुरता असतो. वर चिन्हं छापलेला प्लास्टिकचा पातळ पडदा आणि त्याखाली चार पायांचे, नखाएवढे स्विच, दाबलं की 'टक्' करणारे. दुकानात त्यांना टॅक्ट स्विच म्हणतात आणि ते रुपया-दोन रुपयांना मिळतात. असा बरा स्विच लाखभर वेळा दाबला जाईल या हिशेबाने बनवलेला असतो. रोज तीस वेळा दाबला तरी नऊ वर्षं निघायला हवीत. निघत नाहीत, कारण तो हिशेब कोरड्या हवेतला. इथे कुकरची वाफ, फोडणीचं उडालेलं तेल आणि कणकेचा हात. त्यात प्रत्येकाचं बोट आधी पडतं ते 'ऑन'वर, म्हणून पडद्याला पहिली चीर जाते तीही तिथेच. त्या चिरेतून तेल-पाणी आत झिरपतं आणि आतला पत्रा काळा पडतो. मग आधी जोरात दाबावं लागतं, पुढे अंगठा रोवावा लागतो, आणि एक दिवस चमच्याच्या दांड्याने ठोकूनही काही होत नाही.

दुसरी जात खऱ्या टचची. इथे साधारण चार मिलिमीटर जाडीच्या काचेला ना भोक, ना दबणारं बटण. काचेखालच्या कार्डावर (म्हणजे सर्किट बोर्डावर), प्रत्येक चिन्हाच्या बरोबर खाली, बॉलपेनातल्यासारखी एक छोटी स्प्रिंग उभी असते आणि तिचं डोकं काचेच्या पोटाला टेकलेलं असतं. बोट काचेवर ठेवलं की त्या जागेची विद्युत धारकता किंचित बदलते. किंचित म्हणजे पिकोफॅरडच्या घरात, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा फरकावरून आतल्या चिपला ठरवायचं असतं की हे बोट आहे, वाफ नाही, ओलं फडकं नाही. ही किमया खरोखरच कौतुकाची आहे. पण स्प्रिंग आणि काच यांच्यात केसाएवढी फट पडली की चिपच्या लेखी बोट लांब जातं. शेगडी ओट्यावरून आपटलेली असते, कार्ड धरणारा प्लास्टिकचा खुंट मोडलेला असतो, स्प्रिंगच्या बुडाचं सोल्डर तडकलेलं असतं किंवा तिच्यावर गंज चढलेला असतो. चिप ठणठणीत असूनही आंधळी झालेली असते.

आणखी एक कारण माहितीपुस्तिकेत कधी सापडायचं नाही: झुरळ. शेगडीला खालून हवा घेण्यासाठी जाळी असते. आत ऊब, काळोख आणि वरून टपकणारा खाऊ, म्हणजे झुरळाला चाळीतली खोली मिळाल्यासारखंच. त्याची घाण आणि दमट हवा यांचा कार्डावर चिकट थर बसतो. दोन तारांमधल्या जागेतून त्या थरावाटे थोडी वीज पाझरते आणि कार्डाला वाटतं, कुणीतरी 'प्लस'वर बोट ठेवून उभं आहे. शेगडी आपोआप सर्वांत वरच्या आकड्यावर जाते, मध्येच बंद पडते, रात्री ओट्यावर एकटीच 'बीप' करते. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टच्या ओलीत असे प्रकार वाढतात. कार्डावर संरक्षक लाखेचा एक पातळ हात फिरवला तर यातलं पुष्कळसं टळेल. स्वस्त शेगड्यांत तो हात सहसा फिरवलेला नसतो.

अर्थात बटण घेत नाही म्हणजे शेगडी बिघडलीच, असंही नाही. काचेवर पाणी सांडलं तर खरा टच बोट आणि पाणी यांत नेहमीच फरक करू शकतो असं नाही. म्हणून अनेक शेगड्या अशा वेळी ओरडून स्वतःला बंद करून घेतात. तो बिघाड नसून शहाणपणा आहे. कुलपाचं चिन्ह चुकून तीन-चार सेकंद दाबलं गेलं तर लहान मुलांसाठीचं लॉक लागतं आणि एकही बटण दाद देत नाही. तेच चिन्ह तेवढाच वेळ दाबून ठेवलं की लॉक निघतं. तिसरी गंमत कमी लोकांना माहीत असते. टचच्या बऱ्याच चिपा वीज मिळताच आजूबाजूची स्थिती मोजतात आणि तिलाच 'बोट नसताना असं असतं' असं धरून चालतात. त्या क्षणी पॅनेलवर ओलं फडकं पडलेलं असेल तर सगळं गणित फडक्यावरच बेततं. उपाय फुकटचा आहे: भिंतीवरचा खटका बंद करायचा, काच कोरडी पुसायची, मिनिटभर थांबायचं आणि पॅनेलला हात न लावता खटका पुन्हा चालू करायचा.

भिंतीतल्या सॉकेटकडेही जाता जाता पाहायला हवं. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. मिक्सरचा, चार्जरचा लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा. जाड पिनांची शेगडी कन्व्हर्टर लावून तिथे खुपसली जाते, सॉकेट तापतो, आत बारीक ठिणग्या पडतात आणि वीज थरथरत पोचते. पिकोफॅरड मोजणाऱ्या चिपला ही थरथर सोसत नाही. मग बटणं कधी घेतात, कधी घेत नाहीत. शेगडी दुकानात नेली की व्यवस्थित चालते, घरी आणली की पुन्हा तेच, आणि दोष दुकानदाराच्या माथी.

खरा बिघाड असला तर दुकानातलं काम पाहण्यासारखं असतं. शेगडी फडक्यावर पालथी घालतात. कडेचे पाच-सहा स्क्रू निघतात, एखादा वॉरंटीच्या स्टिकरखाली दडलेला असतो. वरचा भाग हळूच उचलायचा, झटकन नाही, कारण कॉइलच्या मध्यावर पांढऱ्या लेपात बसवलेला तापमान मोजणारा मण्याएवढा सेन्सर असतो आणि त्याच्या तारा केसासारख्या नाजूक असतात. आत बहुतेक वेळा दोन कार्डं दिसतात. मोठं कार्ड कॉइलला वीज देणारं, लहान कार्ड बटणांचं आणि आकड्यांचं. दोघांना जोडणारी एक पट्टी, तिच्या टोकाला साधा कनेक्टर. अर्ध्या तक्रारी तर तो कनेक्टर काढून, ब्रशने पुसून परत बसवल्यावरच मिटतात, असं जुने कारागीर सांगतात. अर्ध्या म्हणताना ते हातचं राखत नाहीत हे धरून चाललं, तरी करून पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच.

पुढे मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून एकेका स्विचच्या पायांना टोकं लावायची आणि स्विच दाबायचा. आवाज आला तर जिवंत, नाही आला तर मेलेला. मेलेला सोल्डर वितळवून काढायचा आणि त्याच उंचीचा नवा बसवायचा. ही उंची महत्त्वाची असते. दांडी एक मिलिमीटर उंच झाली तर पडदा बसवताच बटण कायमचं दाबलेलं राहतं आणि आखूड झाली तर बोट पोचत नाही. खऱ्या टचच्या कार्डावर स्प्रिंगा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, चिमट्याने जराशा ताणायच्या, बुडाचं सोल्डर नव्याने करायचं. शेवटी दुकानदार शेगडी थेट भिंतीतल्या विजेवर लावत नाही. आधी सिरीज बोर्डावर लावतो, म्हणजे वाटेत १०० वॉटचा पिवळा बल्ब. आत कुठे शॉर्ट असलाच तर बल्ब लख्ख पेटतो आणि शेगडीचा जीव वाचतो. सगळं मिळून काम तासाभराचं आणि साहित्य पाच रुपयांचं.

हे वाचून कुणी घरीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार असेल तर एक ताकीद. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत एका दिशेची झाली की ३०० व्होल्टच्या वर जाते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरात थोडा वेळ टिकून राहू शकते. बऱ्याच शेगड्यांत बटणांच्या कार्डाला मिळणारे ५ व्होल्टही मेनपासून वेगळे केलेले नसतात, त्यामुळे प्लग लावलेला असताना ते 'लहान' कार्ड मोठ्याइतकंच जीवघेणं असतं. पुसणं, वाळवणं, लॉक काढणं, सॉकेट बदलून पाहणं एवढं घरच्यांचं. पोट उघडणं जाणकाराचं. असे जाणकार आपल्याकडे आहेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून मुलं दरवर्षी बाहेर पडतात.

मग अडतं कुठे? सुट्या भागापाशी.

कंपनीच्या सेवा केंद्रात दोन रुपयांचा स्विच बदलून मिळणं दुर्मीळ. तिथे अख्खं कार्ड बदलतात, कधी दोन्ही कार्डं, कधी काचेसकट वरचा सगळा भाग. यामागची कारणं अगदीच बिनबुडाची नाहीत. प्रत्येक कार्ड उघडून दोष शोधायचा तर वेळ जातो, हाताखालच्या प्रत्येक माणसाला ते जमेलच असं नाही, आणि डाग दिलेल्या कार्डाची हमी कुणी द्यायची हा प्रश्न उरतोच. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट राहते. बटणांचं कार्ड वेगळं आहे, कनेक्टरने जोडलेलं आहे, दोन स्क्रूंनी बसवलेलं आहे. म्हणजे कारखान्यात ते सुटा भाग म्हणूनच जन्माला येतं आणि विकताना मात्र तेच कार्ड सुटं मिळत नाही. वॉरंटीचं वर्ष उलटल्यावर ग्राहकाने ते मागितलं तर 'मॉडेल बंद झालं' हे उत्तर तयार असतं. त्यात कंपनीगणिक चुकांचे कोडही निराळे. एका शेगडीवर 'ई-१' म्हणजे भांडं नाही, दुसरीवर त्याचा अर्थ सेन्सर गेला. गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरसारखी वस्तू देशभर बहुतांशी एकाच मापाची चालते, तिथे हे कोड एकसारखे ठेवायला कुणाची हरकत असावी?

अस्सल भाग मिळत नाही म्हणून दुरुस्ती थांबत नाही, तिला फक्त आडवाट सापडते. बाजारात 'युनिव्हर्सल' कार्ड मिळतं, काही शे रुपयांत. ते कुठल्याही शेगडीत बसवतात. काचेवर छापलेल्या चिन्हांशी खालची बटणं जुळत नाहीत, 'दूध' दाबलं की 'डोसा' सुरू होतो. एवढ्यावर भागलं तर हसून सोडता येईल. पण तापमानाचा सेन्सर आणि नवं कार्ड यांचं माप जुळलं नाही तर शेगडीला स्वतःचा ताप कळत नाही. रिकामं भांडं लालबुंद होईपर्यंत ती थांबत नाही. सुरक्षेच्या नावाखाली कंपन्या सुटे भाग हातात देत नाहीत, आणि त्यातून घरोघरी येते ती अशी असुरक्षित शेगडी.

हा झगडा आपल्याकडे नवा नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले जात नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण सुटा भाग अडवून धरणं म्हणजे ग्राहकाला अडवून धरणं, हे तिथे स्पष्टपणे लिहिलं गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. पुढे दुरुस्तीयोग्यतेला गुण देणारा निर्देशांक कसा असावा यासाठी आणखी एक समिती झाली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. भर अर्थातच मोबाइलवर. मोबाइल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, इंडक्शन माळ्यावर असतं.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचा गुणांक छापणं सक्तीचं केलं. दहापैकी किती, ते किमतीच्या शेजारीच दिसतं. कागदपत्रं मिळतात का, वस्तू उघडायला किती सोपी, भाग मिळतात का आणि केवढ्याला, यावरून तो ठरतो. सुरुवात स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, पुढून उघडणारी वॉशिंग मशीन आणि गवत कापायचं यंत्र यांपासून झाली. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरचे ठरावीक भाग १० वर्षं, फ्रिजचे ७ वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. तिथल्या कंपन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. त्यांतल्या कित्येक तर भारतातही माल विकतात.

आपल्याकडे तर सरकारच इंडक्शनचा प्रसार करतंय. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्षम स्वयंपाक कार्यक्रम सुरू केला, २० लाख इंडक्शन शेगड्यांचं उद्दिष्ट ठेवून. हेतू चांगलाच आहे. फक्त या २० लाख शेगड्यांच्या बटणांचं काय, हा प्रश्न निविदेतच विचारला जायला हवा. कंट्रोल कार्ड सात वर्षं सुटं मिळेल, त्याची किंमत आधी जाहीर असेल, चुकांचे कोड शेगडीच्या पोटावर छापलेले असतील, एवढ्या तीन अटी घातल्या तर वेगळा कायदा येण्याची वाटही पाहावी लागणार नाही. इतकी मोठी खरेदी समोर दिसली की कारखाने मुकाट्याने साचे बदलतात.

एक प्रश्न त्याहीआधीचा. स्वयंपाकघरात सपाट काचेवर बोट टेकवण्याचा हट्ट हवाच कशाला? टचच्या बाजूने बोलण्यासारखं आहे: पुसायला सोपं, आत पाणी जायला भोक नाही, दिसायला देखणं. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ही काच म्हणजे कोरी पाटी. गॅसची नॉब किती फिरवली ते हाताला कळतं. सपाट काचेवर 'ऑन' कुठे आणि 'प्लस' कुठे, हे चाचपायला जावं तर चाचपणं हेच बटण दाबणं होऊन बसतं. मोतीबिंदूच्या आजींचीही तीच गत: लाल आकडा अंधुक दिसतो, बोट एका चिन्हावर पडतं आणि दुसरंच सुरू होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने प्रोत्साहन द्यावं असं लिहिलेलं आहे. शेगडीइतकी सर्वांची वस्तू दुसरी कुठली असेल?

काचेचा हा मोह इतरांना आधीच महागात पडलाय. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन मॅककेन ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक गेले. चौकशीत टचस्क्रीनवरच्या सुकाणूच्या आणि वेगाच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं, आणि वेगाचे दांडे पुन्हा हाताने सरकवायचे करण्याचं नौदलाने ठरवलं. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. शेगडीचं बटण म्हणजे युद्धनौकेचं सुकाणू नव्हे, हे खरं. पण दूध वर येत असतं तेव्हा काचेवर चार वेळा बोट आपटणाऱ्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नसावा. एक साधी फिरवायची नॉब, खाली चांगल्या रबराची चकती, बाकी सगळं पाहिजे तेवढं डिजिटल ठेवा. तशा शेगड्या बनतात, पण दुकानात त्या मागच्या रांगेत असतात, कारण पुढे चमकतं ते विकलं जातं.

जगभरात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्यातला जेमतेम २२.३ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापरात गेला. सुमारे एक तृतीयांश वाटा छोट्या उपकरणांचा, म्हणजे हातगाडीवर सहज मावणाऱ्या वस्तूंचा. तांबं काढून घेण्यासाठी कॉइल जाळली जाते, काच फुटते, आणि ते दोन रुपयांचं बटण उकिरड्यावर जातं.

तेव्हा नवी शेगडी घ्यायला जाल तेव्हा किती वॉटची आणि डोशाचं बटण आहे का, एवढ्यावर थांबू नका. कंट्रोल कार्ड सुटं मिळतं का, केवढ्याला आणि किती वर्षं, हे विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला तिथूनच फोन लावायला सांगा आणि उत्तर बिलामागे लिहून घ्या. उत्तर 'नाही' असेल तर शेजारच्या कंपनीची शेगडी पाहा. आणि माळ्यावर एखादी बटण न घेणारी शेगडी पडली असेल, तर यंदा आवराआवरीत ती हातगाडीवर चढवण्याआधी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे एकदा नेऊन आणा.